जाळ्यापासून अंगणापर्यंत : सिअॅटलमधील सॅल्मन-रक्षणाचा इतिहास

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, पॅसिफिक महासागराचा एक फाटा जमिनीत खोलवर शिरला आहे. त्याला प्यूजेट साउंड म्हणतात. त्याच्या पूर्व काठावर सिअॅटल शहर वसले आहे. या खाडीला मिळणाऱ्या नद्यांत आणि ओढ्यांत सॅल्मनच्या पाच जाती येतात : चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून विकला जाणारा रावस यांच्या कुळातला नव्हे.) हे मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या ओढ्याकडे परततात. मादी शेपटीने तळाची खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नर आणि मादी दोघेही मरतात. अंड्यांना हिवाळाभर थंड, स्वच्छ आणि खडीतून खेळते पाणी लागते. कोहोची पिल्ले तर साधारण वर्षभर लहानशा ओढ्यातच राहतात. असा ओढा वस्तीतून वाहत असेल, तर त्या वस्तीत रस्त्यावर आणि परसात काय सांडते यावर माशांची एक पिढी जगते किंवा मरते. हे सिअॅटलकरांच्या ध्यानात यायला मात्र शंभरहून अधिक वर्षे लागली.

गोऱ्या वसाहतकारांच्या आधी या किनाऱ्यावर कोस्ट सॅलिश भाषा बोलणाऱ्या जमाती राहत होत्या. सॅल्मन हे त्यांचे मुख्य अन्न. हंगामातला पहिला मासा समारंभाने सर्वांनी वाटून खायचा आणि त्याची हाडे पुन्हा पाण्यात सोडायची, ही त्यांची प्रथा. पहिल्या माशाचा आदर केला तर बाकीचे येत राहतील, अशी त्यामागची श्रद्धा. 26 डिसेंबर 1854 रोजी मेडिसिन क्रीक येथे आणि जानेवारी 1855 मध्ये पॉइंट एलियट येथे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने या जमातींशी करार केले. ज्याच्या नावावरून शहराला नाव मिळाले, त्या प्रमुख सिअॅटलची खूण दुसऱ्या करारावर आहे. जमातींनी प्रचंड भूभाग सोडला, पण नेहमीच्या ठिकाणी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. सही घेणाऱ्यांना हे कलम किरकोळ वाटले असावे. पुढे सर्वात भारी ठरले ते हेच कलम.

प्यूजेट साउंडवर मासे डबाबंद करण्याचा पहिला कारखाना 1877 मध्ये मुकिल्टिओ येथे सुरू झाला आणि पाहता पाहता किनाऱ्यावर कारखान्यांची रांग लागली. त्यांना मासे पुरवायला सापळे लागले. खाडीच्या तळात लाकडी खांब रोवायचे, त्यांना जाळी बांधायची आणि माशांची नेहमीची वाट अडवून त्यांना एका कोंडवाड्यात वळवायचे. भरती-ओहोटीबरोबर मासे आपसूक आत येत, माणसाला फक्त उपसायचे काम उरे. सापळ्यांचे मालक मोठ्या कंपन्या होत्या आणि होडीतून जाळे टाकणारे कोळी त्यांच्यावर चिडून होते. नोव्हेंबर 1934 मध्ये ‘इनिशिएटिव्ह 77’ नावाचा प्रस्ताव राज्यातील मतदारांपुढे आला आणि त्यांनी स्थिर सापळ्यांवर बंदी घातली. सामान्य नागरिकांनी सॅल्मनसाठी मत दिल्याचे ठळक असे हे पहिले उदाहरण, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. या लढ्यात माशांच्या काळजीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, एका मासेमार गटाचा दुसऱ्याशी असलेला हिशेब होता. शिवाय सापळे गेले तरी ओढे आणि नद्या बिघडत राहिल्या, आणि तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.

शहराने त्या काळात नद्यांचे काय केले ते पाहिले, की सापळ्यांचा वाद लहान वाटू लागतो. सिडार नदीवर लँड्सबर्ग येथे 1901 पासून बंधारा घालून सिअॅटलला पिण्याचे पाणी मिळू लागले आणि त्याच्या वरचा प्रवाह सॅल्मनला बंद झाला. पुढे ही नदी वळवून लेक वॉशिंग्टन या सरोवरात सोडण्यात आली. 1916 मध्ये सरोवर आणि समुद्र यांना जोडणाऱ्या जहाजी कालव्याचे काम पुरे होत असताना सरोवराची पातळी जवळजवळ नऊ फुटांनी खाली गेली. पूर्वी सरोवराचे पाणी वाहून नेणारी ब्लॅक नदी कोरडी पडली. ती अक्षरशः नकाशावरून गेली आणि तिच्या काठी राहणाऱ्या डुवामिश लोकांची मासेमारीही गेली. डुवामिश नदीचा वळणावळणाचा मुखप्रदेश खोदून सरळ, खोल जलमार्ग करण्यात आला. त्याच्या काठी कारखाने आले. 1917 मध्ये जहाजी कालव्यावरील बॅलर्ड येथील जलपाशांचे उद्घाटन झाले, तेव्हा माशांना वर चढण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवली होती. ती 1976 मध्ये नव्याने बांधावी लागली. तिच्या 21 पायऱ्या चढताना मासे आज काचेतून दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरोवराभोवती उपनगरे वाढली आणि त्यांच्या मैलापाणी-प्रकल्पांतून प्रक्रिया केलेले सांडपाणी थेट सरोवरात जाऊ लागले. प्रक्रियेने जंतू कमी होत, पण फॉस्फरस तसाच राही. 1955 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या सहकाऱ्यांना सरोवरात ‘ऑसिलॅटोरिया रुबेसेन्स’ ही तांबूस छटेची तंतुमय शैवालसदृश जात सापडली. युरोपातील काही सरोवरे नासण्याआधी हीच दिसली होती. सरोवराचे पुढे काय होणार हे एडमंडसन यांनी सांगितले, आणि त्यावर उपायही सांगितला : सांडपाणी सरोवरात सोडणे थांबवा. जेम्स एलिस या वकिलाने त्यासाठी संपूर्ण परिसराचे एक मंडळ स्थापण्याची मोहीम हाती घेतली. मार्च 1958 मध्ये मतदारांनी ती नाकारली. मंडळाची कामे कमी करून प्रस्ताव सप्टेंबरमध्ये पुन्हा मांडला तेव्हा तो मंजूर झाला. ‘मेट्रो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळाने सरोवराला वळसा घालणाऱ्या मोठ्या नळवाहिन्या टाकल्या. 1963 ते 1968 या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवले गेले. 1964 मध्ये सरोवरात एक मीटर खोलवरही नीट दिसत नसे, 1970 च्या दशकात तीन मीटरपर्यंत दिसू लागले.

लोकांनी हे मत मुख्यतः पोहण्यासाठी आणि दुर्गंधीला कंटाळून दिले, सॅल्मनसाठी नव्हे. तरी सिडारमधून उतरणाऱ्या सॉकायच्या पिल्लांना वर्षभर राहायला स्वच्छ सरोवर मिळाले ते त्या मतामुळे. सॅल्मन-रक्षणाचा इतिहास अशा आडवाटेच्या लाभांनी भरलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरातल्या मोरीतून जाणाऱ्या पाण्याचे बिल वाढले तरी चालेल असे हजारो कुटुंबांनी मतपेटीतून सांगितले. फॉस्फरसवर पुढे निर्बंधही आले. घरगुती भांडी धुण्याच्या यंत्रांत वापरायच्या साबणातील फॉस्फेट राज्यभर 2010 पासून जवळजवळ बंद झाले आणि हिरवळीच्या खतातील फॉस्फरसवर 2013 पासून मर्यादा आली.

सॅल्मनचे प्रकरण पुन्हा पेटले ते करारांमुळे. राज्याचे अधिकारी जमातींच्या मासेमारांना पकडत, त्यांची जाळी जप्त करत. निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक यांना पहिल्यांदा अटक झाली तेव्हा ते 14 वर्षांचे होते. पुढे पन्नासहून अधिक वेळा ती झाली. 1960 च्या दशकात मासेमारीचे सत्याग्रह झाले. शेवटी 12 फेब्रुवारी 1974 रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला : धरण्याजोग्या माशांपैकी अर्ध्यापर्यंत वाटा करारातील जमातींचा, आणि माशांच्या व्यवस्थापनात त्यांना राज्याच्या बरोबरीचे स्थान. 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल मूलतः कायम ठेवला. मात्र मासेच नसतील तर अर्धा वाटा कशाचा, हा प्रश्न त्यातून साहजिकच निघाला. जमातींनी 2001 मध्ये रस्त्यांखालच्या मोऱ्यांवर दावा लावला. ओढ्यावरून रस्ता नेताना पूर्वी नळाची अरुंद मोरी टाकून वर भराव घालत. तिचे तोंड प्रवाहाच्या वर लटकले, की मासे पुढे जाऊ शकत नाहीत. राज्याने अशा शेकडो मोऱ्या बदलाव्यात, असा आदेश 2013 मध्ये निघाला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार विरुद्ध चार अशी समसमान पडल्याने तो कायम राहिला.

मार्च 1999 मध्ये केंद्र सरकारने प्यूजेट साउंडच्या चिनूकची नोंद धोक्यात आलेल्या प्रजातींच्या कायद्याखालील यादीत केली. एखाद्या महानगराच्या मध्यातून जाणारा मासा या कायद्याखाली येण्याचा हा जवळजवळ पहिलाच प्रसंग होता. तोवर अशी प्रकरणे जंगल, धरणे आणि शेती यांच्याशी निगडित असत. आता तो प्रश्न परसातल्या हिरवळीपर्यंत आला. सामान्य माणसाने काय करावे याची पत्रके, शाळांमधील काचपेट्यांत अंडी उबवण्याचे उपक्रम, ओढ्यावर मासे मोजणारे स्वयंसेवक, हे सगळे त्या सुमारास फोफावले, जरी त्यातील काही आधीपासून चालू होते. रेडमंड, बेलव्ह्यू, इसाक्वा ही उपनगरेही लेक वॉशिंग्टनच्याच पाणलोटात येतात. संगणक-व्यवसायामुळे तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत, आणि त्यांच्या गाड्यांखालचे पाणीही त्याच ओढ्यांना जाते.

या सल्ल्यांचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. सिअॅटलच्या जुन्या भागांत पावसाचे आणि मैल्याचे पाणी बहुतेक एकाच नळातून प्रक्रिया-प्रकल्पाकडे जाते. नव्या वस्त्यांत दोन्ही नळ वेगळे असतात. तेथे रस्त्याकडेच्या जाळीतून गेलेले पावसाचे पाणी कोणतीही प्रक्रिया न होता ओढ्यात पडते. बहुतेक रहिवाशांची समजूत उलट होती : गटारात गेले म्हणजे कुठेतरी साफ होतच असेल. म्हणून शहरोशहरी जाळ्यांशेजारी माशाचे चित्र आणि ‘हे पाणी ओढ्यात जाते’ अशा अर्थाची सूचना रंगवण्यात आली. गाडी उतरत्या फरसबंदीवर न धुता हिरवळीवर धुवावी, किंवा धुलाई-केंद्रात न्यावी, कारण तेथले पाणी मैलाप्रकल्पाकडे जाते. गाडीतून तेल गळत असेल तर दुरुस्त करावे. शाळांच्या निधीसाठी मुले गाड्या धुतात, ते पाणी मैल्याच्या नळात वळवणारे साहित्य काही नगरपालिका उसने देऊ लागल्या. साबण जैवविघटनशील असला म्हणजे माशाला निरुपद्रवी असतो, ही समजूतही खोडून काढावी लागली. साबणाने माशाचे कल्ले बिघडतात, मग तो पुढे विघटित होवो वा न होवो.

बागेतल्या औषधांचा प्रश्न न्यायालयात गेला. शहरी ओढ्यांच्या तपासणीत घरगुती वापराची कीटकनाशके सापडत होती. जानेवारी 2004 मध्ये न्यायाधीश जॉन कॉघेनॉर यांनी सॅल्मन असलेल्या प्रवाहांलगत काही कीटकनाशके फवारण्यास मनाई करणारे पट्टे ठरवून दिले आणि शहरांतील दुकानांत सॅल्मनला धोका असल्याच्या सूचना लावण्याचा आदेश दिला. त्याच वर्षाअखेर डायझिनॉन हे लोकप्रिय घरगुती कीटकनाशक देशभरच्या दुकानांतून गेले, अर्थात मुलांच्या आरोग्याच्या कारणाने. येथेही आडवाटेचाच लाभ.

पाणी जपून वापरणे हा सल्ला भारतीय वाचकाला ओळखीचा. सिअॅटलमध्ये त्याचा माशाशी सरळ संबंध आहे, कारण नळाचे बरेचसे पाणी सिडार नदीतूनच येते. उन्हाळ्यात हिरवळीला कमी पाणी दिले, की तितके नदीत उरते आणि ते थंड राहते. 1992 च्या दुष्काळात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली होती. तेव्हापासून गळती रोखणे, कमी पाण्याची शौचकूपे आणि वाढते दर यांमुळे लोकसंख्या वाढूनही शहराचा एकूण वापर 1980 च्या दशकापेक्षा खाली आला आहे. लँड्सबर्गला 2003 मध्ये माशांची वाट झाली आणि शंभर वर्षांनी चिनूक व कोहो वरच्या प्रवाहात गेले. सॉकायना मात्र तेथे अजून अडवतात. ते मोठ्या झुंडीने येतात, आणि मेलेल्या हजारो माशांचा भार पिण्याच्या पाण्याला नको असतो.

एवढे सगळे होत असताना एक गोष्ट कोणालाच उलगडत नव्हती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस शहरातील ओढे खर्च करून नीट केले गेले. बंधारे काढले, काठावर झाडे लावली, खडी टाकली. लाँगफेलो क्रीकसारख्या ओढ्यात कोहो परत आलेही, आणि पहिल्या शरद-पावसानंतर मेले. तोंड वासलेले, पर ताठ पसरलेले, तोल जाऊन गोल गोल फिरत ते काही तासांत मरत, आणि माद्यांच्या पोटात सगळी अंडी तशीच असत. 2002 ते 2009 या काळात शास्त्रज्ञांनी केलेल्या पाहणीत शहरी ओढ्यांत परतलेल्या कोहोंपैकी दरवर्षी 60 ते 100 टक्के असेच मेल्याचे दिसले. जंगलातून वाहणाऱ्या ओढ्यात असे मृत्यू जवळजवळ नव्हते. रोग, तापमान, प्राणवायू, कीटकनाशके, जड धातू, एकेक संशयित तपासून सोडून द्यावा लागला. मृत्यूंचे प्रमाण आणि रस्त्यांची दाटी यांचा मेळ मात्र ठळकपणे जुळत होता.

मग संशोधकांनी शहरातील 520 क्रमांकाच्या महामार्गावरून वाहणारे पाणी गोळा केले आणि सुक्वामिश जमातीच्या मत्स्यकेंद्रातील कोहो त्यात सोडले. ते मेले. तेच पाणी वाळू आणि कंपोस्ट यांच्या थरातून झिरपवून घेतले, तेव्हा त्यातला एकही मासा मेला नाही. ज्युलन स्प्रॉमबर्ग, जेनिफर मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विष कोणते हे तोवर माहीत नव्हते, उतारा मात्र हाती आला होता. विषाचा शोध टकोमा येथील प्रयोगशाळेत झेन्यू तियान आणि एडवर्ड कोलोजिएय यांनी पुढे नेला. टायरच्या झिजलेल्या कणांचा अर्क काढून, त्यातील दोनेक हजार रसायनांमधून एकेक गट वगळत ते एका अज्ञात पदार्थापर्यंत आले. तो टायरमध्ये घातलेला नव्हता, तो हवेत तयार होत होता. रबराला ओझोनमुळे भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये 6पीपीडी नावाचे द्रव्य अनेक दशकांपासून घालतात. ते ओझोनशी संयोग पावले, की 6पीपीडी-क्विनोन बनते. डिसेंबर 2020 मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढील मोजमापांत असे दिसले, की एका लिटरमध्ये एका मायक्रोग्रॅमच्या दहाव्या भागाइतकी मात्राही कोहोला पुरते. त्याच पाण्यात चम मात्र बिनघोर राहतात.

या शोधाने घरोघरच्या सल्ल्यांची मांडणी बदलली. तेलगळती, साबण, बागेतली औषधे ही यादी चुकीची ठरली नाही, पण कोहोच्या मृत्यूचे मुख्य कारण त्यात नव्हते. गाडी कितीही स्वच्छ ठेवली तरी टायर झिजतोच. आता पुढे आला तो पूर्वीपासून चालू असलेला एक उपाय : पावसाचे पाणी जमिनीत मुरवणे. 2001 मध्ये सिअॅटलने पायपर्स क्रीकच्या पाणलोटात एक निवासी रस्ता अरुंद आणि नागमोडी करून दोन्ही बाजूंना झाडाझुडपांचे उथळ चर काढले. तेथून वाहून जाणारे पाणी जवळजवळ थांबले. 2011 मध्ये वॉशिंग्टन राज्य विद्यापीठ आणि एका स्वयंसेवी संस्थेने प्यूजेट साउंडभोवती बारा हजार पर्जन्यबागा करण्याची मोहीम सुरू केली. पर्जन्यबाग म्हणजे अंगणातला उथळ खळगा. त्यात वाळू-कंपोस्टची भुसभुशीत माती भरतात, स्थानिक झाडे लावतात आणि छपराच्या पन्हळीचा नळ त्यात सोडतात. शहराच्या काही भागांत यासाठी घरमालकांना खर्चाचा मोठा वाटा परत मिळतो. छपराच्या पाण्यात टायरचे कण फारसे नसतात, हे खरे. तरी ते रस्त्यावर आलेच नाही, तर रस्ता धुऊन ओढ्यात नेणारा लोंढाही तितका लहान होतो. ऑरोरा पुलाखाली तर पुलावरचेच पाणी चरांतून गाळून मग जहाजी कालव्यात सोडतात, आणि लेक वॉशिंग्टनकडे जाणारे सगळे सॅल्मन याच कालव्यातून जातात.

किनाऱ्यावर घरे असलेल्यांसाठी निराळे काम आहे. लाटांपासून आवार वाचवायला बांधलेल्या भिंती प्यूजेट साउंडच्या साधारण चतुर्थांश किनाऱ्यावर आहेत. सॅल्मन ज्या लहान माशांवर जगतात, ते भरतीरेषेजवळच्या वाळूत अंडी घालतात आणि भिंतीपुढे ती वाळू टिकत नाही. गरज नसलेली भिंत काढणाऱ्याला सल्ला आणि अर्थसाहाय्य मिळू लागले आहे. ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी काठावर सावलीची झाडे राखावीत, प्रवाहात पडलेले ओंडके हलवू नयेत आणि शरदात खडीवरून चालू नये किंवा कुत्र्याला पाण्यात सोडू नये. मेलेले सॅल्मनही तेथेच राहू द्यायचे असतात, कारण त्यांच्या शरीरातील पोषणद्रव्ये पुढच्या पिढीच्या अन्नसाखळीत जातात.

घरगुती उपायांची हद्द कोठे संपते हे ब्रेकच्या उदाहरणावरून कळते. ब्रेक पॅड झिजून निघणारे तांबे अत्यल्प मात्रेतही कोहोची घ्राणशक्ती मंदावते आणि मग शिकारी प्राण्याची चाहूल त्यांना लागत नाही. यावर कोणा गाडीमालकाला काहीच करता येण्याजोगे नव्हते. राज्याने 2010 मध्ये कायदा केला. 2021 पासून पॅडमधील तांबे पाच टक्क्यांवर आणि 2025 पासून अर्ध्या टक्क्यावर आणण्याचे बंधन घातले आणि उत्पादकांनी मिश्रणे बदलली. टायरचे प्रकरण तितके सोपे नाही. 6पीपीडी काढले आणि तितकाच चांगला पर्याय मिळाला नाही, तर भेगाळलेल्या टायरने माणसे मरतील. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये उत्पादकांना पर्याय शोधणे भाग पाडले. त्याच वर्षी युरोक, पोर्ट गँबल स्क्लॅलम आणि पुयालप या जमातींनी या द्रव्याच्या नियमनासाठी केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे अर्ज केला आणि संस्थेने तो स्वीकारला. 2024 मध्ये वॉशिंग्टननेही 6पीपीडी असलेले टायर कायद्याने तपासणीच्या यादीत घातले. पर्याय बाजारात येईपर्यंत रस्त्याचे पाणी मातीतून गाळणे, रस्ते झाडणे आणि गाडी कमी चालवणे हेच उपाय हाती आहेत. त्यांपैकी पहिले दोन मोठ्या प्रमाणावर करणे नगरपालिकांच्या हाती आहे, तिसरा मात्र कोणालाही उद्यापासून करता येतो.